कांडी नंबर सात

१२ एप्रिल १९८२, आंबागड

निर्मलाबाईंनी आज मला दोन वह्या दिल्या. एक लाल पुठ्ठ्याची, कामाची. पाइप किती खोल गेला, कांडी कितवी, चिखलाचा रंग कोणता, एवढंच तिच्यात लिहायचं. दुसरी ही, अर्धी वापरलेली. हिचं काय करू म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "लिहायचा सराव करा, टिकाराम. मनात येईल ते लिहा. कोणी पाहणार नाही." चौथीत दोनदा बसलेला माणूस मी. पण मनात येते ते सगळं लिहायला बसलो तर ही वही आठ दिवसांत भरेल.

भिलाईला लोखंड उचललं. गोंदियाला विडीच्या कारखान्यात पानं भिजवली. वर्षभर कुठेच टिकलो नाही. या खेपेला दिघोरीहून निघताना घरी सांगितलं, सरकारी कामावर चाललो. आणि सरकारी काम काय निघालं तर तलावाच्या तळाचा चिखल काढायचा. शेतात टाकायसाठी नाही. गुंडाळून पेटीत ठेवायसाठी! मोठा भाऊ सेवकराम याला कळलं तर म्हणेल, "घरच्या धानाच्या बांधीत चिखल कमी पडला होता का बे?" म्हणून पत्रात लिहिलं नाही.

वासुदेवराव साहेब इथले मुख्य. नागपूरच्या संशोधन संस्थेचे, केस पांढरे, सात वर्षं अशाच तलावांमागे फिरून राहिले. निर्मलाबाई त्यांच्या हाताखाली. साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "हंगाम नीट निघाला तर तुझं नाव कायमसाठी पाठवतो. प्रयोगशाळा मदतनीस." कायम. त्या एका शब्दासाठी मी बारा दिवसांपासून उन्हात उभा आहे.

१५ एप्रिल

गावात मासोळ्या धरणाऱ्या नत्थू ढीवराचे दोन डोंगे, म्हणजे लाकडी नावा, बाजूबाजूला बांधले आहेत, वर फळ्या, फळ्यांवर सागाच्या तीन बल्ल्यांची तिकाटी. तिच्यातून साखळी, साखळीला पाइप. आम्ही चार माणसं पाइप दाबतो, मग ओढतो, मग दट्ट्यानं आतला चिखल टिनाच्या पन्हाळीत काढतो. तो मनगटाएवढा जाड आणि एक मीटर लांब निघतो. त्याला आम्ही कांडी म्हणतो. पहिली सगळ्यात वरची, पुढची तिच्याखालच्या मीटरची. एकेका कांडीला अर्धा दिवस. नत्थू म्हणाला, "एवढी ताकद मासोळीवर लावली असती तं सारं आंबागड जेवलं असतं."

जेवणाच्या वेळी बाईंनी आम्हाला समजावलं. दर पावसाळ्यात गाळ येतो, तळाशी बसतो. खालचा जुना, वरचा नवा. फुलांची जी धूळ उडते तीही त्यात पुरली जाते आणि हजारो वर्षं सडत नाही. कोणत्या काळात रान दाट होतं, कोणत्या काळात नुसतं गवत होतं, ते त्या धुळीवरून कळते. मग तेव्हा पाऊस किती होता तेही कळते. इथली पाळ, मातीचा बांध, गावकऱ्यांच्या पणजोबांनी बांधली, पण मधला डोह देवाच्या हातचा, पाळीच्या कितीतरी आधीचा. म्हणून हा तलाव निवडला.

नत्थूनं विचारलं, "बाई, औंदा पानी येते का नाई, ते सांगते का जी हा चिखल?"

"नाही हो. हा मागचंच सांगतो."

"मागचं तं माही बुढीबी सांगते. तिले पाइप नाई लागत."

बाई हसल्या. साहेब हसले नाहीत. नत्थूची बुढी, म्हणजे माय, म्हणते, हा डोह कधीच आटला नाही, तिच्या आजीनंही आटलेला पाहिला नाही.

१९ एप्रिल

पाइप अडकला.

२० एप्रिल

अजून अडकलेलाच.

२३ एप्रिल

डोकं फिरलं आहे. पाइप निघाला, पण सातवी कांडी तीन वेळा घसरून पाण्यात गेली. वर येते येते, डोंग्याच्या काठाशी येते आणि सुळकन खाली. साहेब माझ्यावर ओरडले, "अरे, झोपला होता का तू?" झोपलो कुठून, साखळीनं तळहाताची कातडी निघाली. मी म्हटलं, "मी धरून होतो जी." ते म्हणाले, "तूच धरून होता म्हणून तं पडली." रागात मी टोपलं लाथाडलं. ते तलावात गेलं. नत्थूनं काढून आणलं.

दर वेळी जागा हातभर बाजूला सरकवून पहिल्यापासून पाइप घालायचा. चौथ्यांदा, दुपारी चारच्या सुमाराला, सातवी आली. सबंध. काळपट, मध्येमध्ये राखेसारखा रंग. बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं जसं कोणी बाळंतिणीच्या पोराकडे पाहते. म्हणाल्या, "ही पाच हजार वर्षांच्या आसपासची असेल. हिच्यातच काहीतरी सापडेल."

३० एप्रिल

आठवी कांडी आली. तिच्याखाली मुरूम लागला, पाइप पुढे जाईना. काम संपलं. पण सातवी आणि आठवीपुरतं प्लास्टिक उरलं नाही. साहेब नि बाई उद्या जीपनं नागपूरला जातात. तीन दिवसांत पेट्या आणि प्लास्टिक घेऊन येतील. कांड्या शाळेच्या टिनाच्या खोलीत ठेवल्या. शाळेला सुट्टी आहे. राखण मी.

बाई म्हणाल्या, "ओलं फडकं वरून ठेवा. सावली ठेवा. बाकी कशालाही हात लावू नका."

साहेब म्हणाले, "हे तुझ्या भरवशावर आहे, टिकाराम. हे सांभाळलं तर बाकी मी सांभाळतो."

५ मे

जीप नाही.

टिनाखाली असं तापते की भाकरी ठेवली तर शेकेल. फडकं ओलं केलं की तासाभरात कोरडं. विहीर गावाच्या दुसऱ्या टोकाला. दिवसातून वीस चकरा मारतो. बायका विचारतात, "काहून गा, कोन बाळंतीन झाली तुह्या घरी?"

आठवीत आतून ओल आहे, ती ठीक. सातवी चिंता करायला लावते. तिच्या राखेच्या रंगाच्या भागावर केसाएवढी रेघ दिसली.

७ मे

सातवीला भेगा पडल्या. एक तर एवढी की करंगळी जाते. नागपूरला फोन करायला तुमसरपर्यंत जावं लागते, आणि गेलो तर इथे पाणी कोण घालेल? काय करायचं म्हणून नत्थूला विचारलं. तो म्हणाला, "मासोळी असती तं सांगतलं असतं."

साहेबांचं वाक्य कानात वाजून राहिलं. ही कांडी तुटली तर चार वेळा घातलेला पाइप, बाईंचं ते पाहणं, माझं कायम, सगळं गेलं.

८ मे

निस्तरलं.

सकाळी उठलो आणि स्वतःवरच हसलो. बांधीच्या धुऱ्याला, मातीच्या बांधाला, भेग पडली तर आमच्याकडे दहा वर्षांचं पोरगं काय करते? भेग बुजवते. मी कुठून मोठा शास्त्रज्ञ झालो की बसून पाहत राहिलो?

तलावाच्या काठचा मऊ चिखल आणला. तणस, धानाचा वाळका पेंढा, बारीक कापलं, मूठभर धानाचा कोंडा घातला, पायानं नाही, हातानं मळलं. लोण्यासारखं झालं. मग एकेक भेग आतपर्यंत भरली, ओल्या अंगठ्यानं वरून फिरवली. चार-पाच भेगा वेगळ्याच होत्या. त्यांच्यात पिवळी बारीक वाळू ठासलेली होती, कोणी माझ्याआधीच भरून ठेवल्यासारखी. पण वाळू काही कामाची नाही. धुऱ्यात वाळू राहिली की पाणी त्यातूनच फुटते, हे बापानं कान धरून शिकवलं. विळ्याच्या टोकानं ती सारी खरवडून काढली, भेगा स्वच्छ केल्या आणि त्याही भरल्या. वरून ओलं तणस पांघरलं. फडक्यापेक्षा तणस ओल धरते.

संध्याकाळी पाहिलं तर कुठे भेग होती ते मलाही सापडेना. जन्मात एक काम असं चोख झालं.

१२ मे

जीप आली. तीनच्या जागी अकरा दिवस. गिअरचं काहीतरी तुटलं होतं. बाई उतरल्या त्या सरळ खोलीत धावल्या. जीपचा आवाज ऐकताच मी तणस काढून फडकं टाकलं होतं. त्यांनी सातवी पाहिली, हात छातीवर ठेवला. "टिकाराम, अहो, सबंध आहे! या उन्हात! मी तर आशा सोडली होती."

साहेबांनी पाठीवर थाप मारली.

मी सांगणार होतो. पण हात लावू नका म्हटलं होतं. लावला म्हटलं असतं तर थाप गेली असती. आणि लाल वहीत तरी कुठे लिहू? तिच्यात खोली, नंबर आणि रंग एवढेच रकाने आहेत.

२० जून, कारधा

कारध्याला सत्यभामाबाईंच्या घरच्या दोन खोल्या संस्थेनं भाड्यानं घेतल्या आहेत. नदीपलीकडे भंडारा. इथे वीज आहे, म्हणून बाईंचा मायक्रोस्कोप इथे. कांड्यांचे चमच्याएवढे तुकडे कापायचे, ॲसिडात धुवायचे, चाळायचे, काचेच्या पट्टीवर ठेवायचे. माझं काम बाटल्या धुणं. सकाळपासून बाटल्या. ॲसिडाच्या वासानं जेवणाची चव गेली.

सत्यभामाबाई दारातून विचारतात, "काय शिजवून राहिले रे बाबू?"

"चिखल."

"मीठ टाकजो."

२ ऑगस्ट

घरून पत्र. सेवकरामनं कुणाकडून तरी लिहून घेतलं. धानाची रोवणी आटोपली, माणसं कमी पडली, तू कुठी मेला होता. कायम झालो की मगच उत्तर देईन.

बाई पहिल्या कांडीपासून खाली चालल्या आहेत. दिवसाला दोन पट्ट्या मोजतात. मला वाटायचं शास्त्रज्ञ म्हणजे धडाधड शोध लावतात. ह्या नुसत्या मोजतात. फुलांच्या धुळीचे पाचशे दाणे एका पट्टीवर. मला पाहूनच चीड येते. एकदा म्हटलं, "बाई, अंदाजानं लिहून टाका ना." त्या म्हणाल्या, "तुम्ही सातवी अंदाजानं सांभाळली असती तर?"

मी पुन्हा बाटल्या धुवायला लागलो.

१४ सप्टेंबर

आज बाई खुर्चीवरून उठल्या आणि खोलीत नुसत्या फिरू लागल्या. मग मला बोलावलं. "या इकडे. डोळा लावा."

मी डोळा लावला. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग एक तुकडा दिसला, पिवळसर, त्यावर चटईसारखी वीण. ओळीनं उंचवटे.

"काय आहे सांगा बरं."

"धानाचा कोंडा आहे जी हा."

"एवढ्या लवकर ओळखलात?"

"जन्मभर तेच खाल्लं, तेच पाखडलं. ओळखणार नाही तर काय?"

"सातव्या कांडीतला आहे, टिकाराम. राखी थरातला. पाच हजार वर्षं जुना!" त्यांनी पुन्हा स्वतः डोळा लावून पाहिलं. "तेव्हा इथे कोणी धान पेरत होतं असं आजवर कोणाच्याही ध्यानात आलेलं नाही. जंगली धान असू शकेल, पण परागही त्याच जातीचे दिसताहेत. म्हणजे पाऊसही भरपूर असणार."

पाच हजार वर्षं! मला छाती फुगल्यासारखं झालं. आमचं धान तेव्हाही होतं. तेव्हाही माझ्यासारखाच कोणी बांधीत उभा राहून शिव्या देत असेल. आणि ती कांडी मी वाचवली. मी नसतो तर ती केव्हाच तडकून भुगा झाली असती.

२८ सप्टेंबर

साहेब नागपूरहून पेढे घेऊन आले. लेख लिहून झाला. जानेवारीत मोठ्या परिषदेत वाचणार. सात वर्षांत हाती काही लागलं नव्हतं, वरचे लोक काम बंद करा म्हणत होते, आता तोंडं बंद झाली, असं स्वतःच म्हणाले. मला पहिल्यांदा खुर्चीवर बसवलं. "तुझं नाव पाठवलं आहे. दिवाळीनंतर ऑर्डर येईल."

रात्री घरी पत्र लिहायला घेतलं, पण म्हटलं ऑर्डर हातात येऊ दे.

३ नोव्हेंबर

बाईंचं काहीतरी बिनसलं आहे. पेढा अजून टेबलावर तसाच, वाळून दगड झालेला, त्याला मुंग्या. सहावीत कोंडा नाही, आठवीत नाही. सातवीतही एका तुकड्यात ढीगभर आणि दोन बोटं सोडून काहीच नाही. आणि जिथे कोंडा सापडतो तिथेच आजूबाजूच्या दाण्यांत कोरड्या गवताची धूळ. "इतका पाऊस असताना हे गवत कसं? जुळत नाही," असं त्या स्वतःशीच बोलतात.

मला विचारलं, "मे महिन्यात तुम्ही एकटे होतात, तेव्हा काही झालं होतं का? आठवून सांगा."

मी म्हटलं, "काही नाही जी. पाणी घालत होतो."

खोटं बोललो का? काय झालं होतं? कांडी बिघडत होती, ती सुधारली. बिघडवली असती तर सांगितलं असतं. पण मला एकदम घाम फुटला आणि काहून फुटला ते कळेना.

९ नोव्हेंबर

कळलं.

दिवाळी सहा दिवसांवर आली. सत्यभामाबाई मागची भिंत लिंपून राहिल्या होत्या. मला म्हणाल्या, "बाबू, बसला आहेस तं माती मळून दे." मी मळायला लागलो. त्या घरातून सूपभर कोंडा घेऊन आल्या आणि मातीत टाकला.

"कायले टाकता?" मी विचारलं. का विचारलं देव जाणे. मला माहीत होतं.

"असा काय येड्यावानी विचारतेस? कोंडा नाई टाकला तं माती भेगते."

माझे हात मातीतच राहिले. त्या म्हणाल्या, "काय झालं रे? विंचू चावला का?"

मी वर खोलीत आलो. मे महिन्याची पानं काढून वाचली. माझ्याच हातानं लिहिलेलं. लोण्यासारखं झालं. एकेक भेग आतपर्यंत भरली. चोख काम झालं.

तो पाच हजार वर्षांचा कोंडा नत्थूच्या घरून आणला होता. मागच्या हंगामाचा.

१० नोव्हेंबर

बाटल्या धुतल्या. दोन फुटल्या.

१२ नोव्हेंबर

साहेब आले होते. अंगणात एकटे सापडले तेव्हा सांगून टाकलं. भेगा पडल्या, मी बुजवल्या, तणस आणि कोंडा घालून. एका दमात.

साहेब बराच वेळ जीपच्या बॉनेटवर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, "वरून लावलं ना? बाई वरचा भाग कापूनच घेतात."

"वरून नाही जी. आतपर्यंत भरलं."

"तुले काय माहीत आत किती गेलं? मोजलं होतं?"

"अंगठ्यानं दाबता आलं तेवढं."

"अरे, अंगठ्यानं शास्त्र चालते का? तू चौथी नापास. तुझ्या मनात काही येईल ते मी परिषदेत सांगू?" आवाज चढला, मग त्यांनी इकडेतिकडे पाहून एकदम मऊ केला. "टिकाराम, ऑर्डर टायपाला गेली आहे. जन्माचं होऊन जाईल तुझं. बाईंना उगाच त्रास देऊ नको. त्या आधीच विचार करकरून आजारी पडून राहिल्या."

मी होय जी म्हटलं. जीप गेली. अंगणात उभा राहून स्वतःलाच शिव्या घातल्या, सगळ्या येतात तेवढ्या. आयुष्यात पहिल्यांदा एक खरी गोष्ट अधिकाऱ्यापुढे बोललो, तर ऐकणाऱ्याला ती नको. खोटं बोललो असतो तर पेढा मिळाला असता. मिळालाच होता.

२० नोव्हेंबर

ऑर्डर आली. माझं नाव, बापाचं नाव, गाव दिघोरी, तालुका, जिल्हा. खाली गोल शिक्का. सोमवारी साहेब येतील तेव्हा सही करून रुजू व्हायचं. कागद उशाखाली ठेवला. मग ट्रंकेत ठेवला. मग पुन्हा उशाखाली.

बाई आज चौथ्यांदा तीच पट्टी मोजून राहिल्या. डोळ्यांतून पाणी येते, पुसतात, पुन्हा वाकतात. त्यांना वाटते चूक त्यांच्या मोजण्यात आहे.

२१ नोव्हेंबर

आज बाईंना सांगितलं. सही उद्या होती, म्हणून आजच.

त्या मला मध्ये थांबवतील असं वाटलं होतं. थांबवलं नाही. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "करून दाखवा." मी अंगणातून ओली माती आणली, मनगटाएवढी कांडी वळली, सुरीनं भेग पाडली, कोंड्याच्या चिखलानं भरली, अंगठा फिरवला. त्यांनी भिंग घेतलं. मग भिंग खाली ठेवलं.

"भेग कुठे होती?"

मी दाखवली.

"काम पक्कं केलंत," त्या म्हणाल्या. रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

मग मी विचार केला की सगळंच सांगून मोकळं व्हावं, म्हणून म्हटलं, "चार-पाच भेगांत आधीपासून वाळू होती, तीही काढून टाकली जी."

बाई जागच्या जागी ताठ झाल्या. "कोणती वाळू?"

"पिवळी. बारीक. ठासून भरलेली."

"भेगेचा आकार कसा होता? नीट आठवा. वरून खालपर्यंत सारखी?"

आठवायला काय लागते, हाताला माहीत होतं. "वर रुंद जी, खाली निमुळती. उन्हाळ्यात बांधीला पडते तशी. राखी थरात सुरू व्हायची आणि खालच्या काळ्यात उतरायची."

त्या खाली बसल्या. खूप हळू आवाजात म्हणाल्या, "तो डोह आटला होता, टिकाराम. पूर्ण. तळ उघडा पडला, उन्हानं तडकला, वाऱ्यानं त्या भेगांत वाळू भरली. म्हणूनच ते कोरडं गवत. माझं मोजणं बरोबर होतं."

"पण गाव म्हणते तो कधीच आटला नाही."

"गाव तेव्हा नव्हतं." मग माझ्याकडे पाहिलं. "कोंड्याचं जाऊ द्या. कोंडा ओळखून वगळता आला असता. ती वाळू कुठे टाकली?"

"तलावात."

"सगळी?"

"सगळी जी. भेगा स्वच्छ केल्या होत्या."

त्यांनी सातवीचा उरलेला भाग पेटीतून काढला आणि सुरीनं उभा चिरला. भेग सापडली की पुढची चिरायच्या. प्रत्येक भेगेत माझाच चिखल. वाळूचा एक कण उरला नव्हता. मी उभा राहून पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, एखादं तरी काम अर्धवट करायचं होतं रे भाड्या, तेवढं एक तरी.

संध्याकाळी बाई म्हणाल्या, "नुसतं तोंडी सांगून चालणार नाही. साहेब मानणार नाहीत. तुम्ही काय केलं ते लिहून, सही करून द्याल का? दिलंत तर ते तुम्हाला ठेवणार नाहीत, हे आधीच सांगते. नाही दिलंत तर मी माझं नाव त्या लेखातून काढून घेईन, तेवढंच माझ्या हातात आहे. मी जबरदस्ती करणार नाही."

जेवलो नाही.

२२ नोव्हेंबर

पहाटे लिहिलं. चार कागद फाडले. पहिल्यात माफी फार झाली. दुसऱ्यात साहेबांना दोष दिला. तिसऱ्यात जीप उशिरा आली, ऊन फार होतं, विहीर लांब होती, असंच सगळं. चौथ्यात मीच हुशार दिसत होतो. पाचव्यात नुसतं केलं ते लिहिलं. कोणत्या तारखेला, कोणत्या चिखलानं, किती भेगा. वाळूच्या भेगा किती, कुठून कुठपर्यंत, कशा आकाराच्या, आणि ती वाळू मी कुठे फेकली. अर्ध्या पानातच संपलं. खाली सही केली.

साहेब अकराला आले. बाईंनी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले, माझा, आणि डोह आटला होता असं बाईंनी स्वतः लिहिलेला. साहेबांनी माझा दोनदा वाचला. मला वाटलं ओरडतील. ते खुर्चीत मागे टेकले तेव्हा एकदम म्हातारे दिसले. म्हणाले, "सात वर्षं, निर्मलाबाई."

बाई म्हणाल्या, "साहेब, आटलेला डोह हाही शोध आहे."

"कुठे आहे तो? दाखवा मले." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "यानं फेकून दिला."

लेख परत मागवणार की नाही ते बोलले नाहीत. मला म्हणाले, "आण तो कागद." मी ऑर्डर आणून दिली. फाडली नाही त्यांनी, घडी करून खिशात ठेवली. "पायावर धोंडा पाडून घेतला तू, बेट्या." आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं.

मी निघालो तेव्हा बाई फाटकापर्यंत आल्या. म्हणाल्या, पाणी उतरलं की एप्रिलमध्ये पुन्हा पाइप घालायला परवानगी मागते. मिळेलच असं नाही. नाही मिळाली तर सुट्टी काढून येते. पण पाइप, साखळी कुठून आणायची ते अजून माहीत नाही.

२५ नोव्हेंबर, आंबागड

भंडाऱ्याच्या बसस्टँडवर दोन तास बसलो. घराकडे जाणारी लाखांदूरची गाडी आली, गेली. घरी जाऊन सांगणार काय? सेवकरामचं तोंड डोळ्यांपुढे आलं. भिलाईचाही विचार केला. मग तुमसरची गाडी लागली आणि मी तिच्यात चढलो.

नत्थू जाळं विणत बसला होता. सगळं सांगितलं. कोंडा त्याच्या घरचा होता हे ऐकून तो आधी हसला, खूप हसला. "मंजे माह्या घरचा कोंडा पाच हजार वर्साचा? बुढीले सांगतो, ती अजून जुनी आहे." मग माझ्याकडे पाहून थांबला.

"बाई येतीन का गा?"

"म्हणाल्या तर आहेत."

"आन् साहेब?"

"नाही."

"मंग तू कायले आला आतापासून? पानी उतराले पाच महिने आहेत. तलाव कुठी पळते का?"

मला राग आला. तलाव नाही पळत, पण जागा पळते. मागच्या वेळी चारदा पाइप घातला तो चार जागी. सबंध सातवी निघाली ती जागा पाण्याखाली नेमकी कुठली हे कोणालाच सांगता येणार नाही, लाल वहीत खोली आहे, जागा नाही. मला येते. पाळीवरचं कडुलिंबाचं खोड आणि आंबागडच्या किल्ल्याचा बुरूज एका रेषेत येतात, आणि डाव्या हाताला शाळेचं टिन दिसते, तिथे. तीन आठवडे उन्हात उभा होतो मी त्या ठिकाणी. वाळूच्या भेगा एका हातात संपत नाहीत. शेजारीच, हातभर अंतरावर अजून असतील. मी हात न लावलेल्या.

नत्थूला म्हटलं, "डोंगा काढ. आणि लांब बांबू दे. जागेवर खूण रोवतो."

"आता?"

"आता."

तो कुरकुरला पण निघाला. पाणी एवढं चढलेलं की बांबूला बांबू बांधावा लागला. पहिल्यांदा रोवला, तो आडवा झाला. दुसऱ्यांदा मी इतका जोर लावला की स्वतःच पाण्यात पडलो. नत्थूनं केसांना धरून वर ओढलं आणि म्हणाला, "मेला तं बाईले काय सांगू?" तिसऱ्यांदाही वाकला. थंडीनं दात वाजत होते, आम्ही दोघंही एकमेकांना शिव्या देत होतो. चौथ्यांदा दोघांनी मिळून दाबला. टोक चिखलात रुतल्याचं हाताला कळलं.

डोंगा मागे घेतला आणि पाहिलं. थोडा तिरपा आहे, पण उभा आहे.

उद्या पुन्हा पाहीन.